वहीतलं फूल आणि ठाण्याचा पावसाळा

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला रांगा लागतात आणि तिथून चालत पाच-दहा मिनिटांवरचा जांभळी नाक्याचा बाजार झेंडू, शेवंती, अष्टरनं भरून जातो. त्यातलं एखादं फूल दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत जातंच. ते कधी ओटीत मिळालेलं असतं, कधी घटावरच्या माळेतून गळलेलं. त्याच्या सोबतीला दसऱ्याचं आपट्याचं पान, लग्नातल्या हाराच्या पाकळ्या आणि शाळेत असताना जाळी पडेपर्यंत जपलेलं पिंपळपानही असतं.

फूल दाबून वाळवायला आठवडा-पंधरवडा पुरतो आणि ते कसं करायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण वाळलेलं फूल पुढं वीस-तीस वर्षं कसं ठेवायचं आणि हवं तेव्हा ते सापडावं म्हणून काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या हवेत खरी अडचण तिथंच आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत नुसतं पुस्तकात ठेवलेलं फूल अनेक वर्षं निभावून जातं. आपल्याकडे तेच फूल दोन पावसाळ्यांत काळं पडतं, नाहीतर भुगा होऊन पानांच्या बेचक्यात साठतं.

साठवण्याआधी

फूल पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात जाता कामा नये. याची जुनी आणि खात्रीची कसोटी म्हणजे ते गालाला किंवा ओठाला लावून पाहायचं. गार लागलं तर आत ओल आहे. देठ चिमटीत धरून फूल उचला; पाकळ्या लवल्या तर अजून थांबा. पहिल्या दिवसानंतर टिपकागद किंवा वर्तमानपत्र बदलायचं, पुढचे चार-पाच दिवस रोज बदलत राहायचं आणि मग एक-दोन दिवसांआड. जून ते सप्टेंबरात हे दुप्पट दिवस चालतं. पावसाळ्यात बदललेला कागदही आधी इस्त्री फिरवून कोरडा करून घ्यावा, कारण उघड्यावर पडलेल्या कागदानं हवेतली ओल आधीच शोषलेली असते.

वर्तमानपत्र वाळवण्यापुरतं चांगलं, साठवण्यासाठी नाही. त्याच्या कागदात लाकडातलं लिग्निन असतं. काही वर्षांत ते पिवळं पडतं, आम्ल सोडतं आणि सोबतचं फूलही तपकिरी करतं. फूल वाळलं की त्याचा वर्तमानपत्राशी संबंध संपला पाहिजे.

कोणतं फूल किती साथ देतं

सगळ्या फुलांचं आयुष्य सारखं नसतं, आणि कुणाकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधीच ठाऊक असलं तर निराशा टळते. बोगनवेलीची रंगीत पानं (ती पाकळ्या नव्हेत, फुलाभोवतीची पानंच) मुळातच कागदासारखी असतात. सुरुवात करणाऱ्यानं तिथूनच करावी. झेंडूचा पिवळा-केशरी रंग बराच टिकतो, पण फूल जाड असल्यामुळे मागचा हिरवा दांडा कापून पाकळ्या मोकळ्या कराव्या लागतात, नाहीतर मधोमध बुरशी धरते. गोकर्णाची निळाई लगेच दाबलं तर छान उतरते. तेरडा, सोनकी, गुलमोहराच्या सुट्या पाकळ्या, नेचे आणि दूर्वा यांचा त्रास नाही.

पांढरी फुलं मात्र परीक्षा पाहतात. मोगरा, पांढरा चाफा आणि जाई-जुई वाळताना तपकिरी होतात. पाकळी चिरडली की तिच्यातली द्रव्यं हवेशी मिसळतात आणि रंग जातो, कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच. पारिजातकाच्या पाकळ्याही अशाच जातात, पण त्याचा केशरी देठ टिकतो. पूर्वी त्याच देठापासून कापड रंगवायचा रंग काढत. म्हणून पारिजातक दाबताना देठ वर, नीट दिसेल असा ठेवावा. जास्वंद बुळबुळीत असते आणि कागदाला चिकटते. तिच्याखाली-वर बटर पेपर घालावा, आणि ती लाल राहील अशी आशा धरू नये. बहुधा जांभळट होते. बकुळीचा रंग लवकर जातो, पण वाळल्यावरही वास रेंगाळतो, म्हणून तिला पुडीत वेगळं ठेवलेलं बरं.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथलं पान-फूलसुद्धा परवानगीशिवाय तोडून आणता येत नाही. तिथलं फूल फोटोत घ्यावं. संग्रहासाठी आपलं अंगण, गॅलरीतल्या कुंड्या, सोसायटीच्या आवारात गळलेली फुलं आणि बाजार एवढं पुरेसं आहे. सोसायटीच्या आवारातसुद्धा तोडण्यापेक्षा खाली पडलेलं उचलणं मला अधिक बरं वाटतं. ताम्हण आणि बहावा फुलले की झाडाखाली हवं तेवढं मिळतं.

ओल हाच खरा शत्रू

ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांवर असते. बुरशीला साधारण पासष्ट-सत्तर टक्के पुरतात. म्हणजे आपल्या घरातली उघडी फाइल चार महिने बुरशीच्या सोयीच्या हवेत असते. वाळलेलं फूल ही ओल पुन्हा पितं आणि मऊ पडतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ते परत आखडतं. दरवर्षीच्या या फुगण्या-आखडण्यानं पाकळ्यांना चिरा जातात आणि एक दिवस फूल तुकड्यांत हाती येतं.

उपाय सोपा आहे. फुलांचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि तो कोरड्या दिवसांतच भरावा. घासून धुतलेला, पूर्ण वाळलेला प्लॅस्टिकचा हवाबंद डबा चालतो. पत्र्याचा चालतो, पण गंज पाहून घ्यावा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलणाऱ्या घेतल्या तर त्या कधी भरल्या हे कळतं. निळ्या पुड्या ओल प्याल्या की गुलाबी होतात. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो पोटात गेला तर विषारी. घरात लहान मूल असेल तर नारिंगी रंगाच्या घ्याव्यात. भरलेली पुडी तापवून पुन्हा कोरडी करता येते, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नये.

तांदळाचे दाणे घालण्याची पद्धत घरोघरी आहे. तांदूळ ओल ओढतो, पण फार थोडी, आणि पुढं त्यात किडे होतात. फुलांच्या डब्यात तो नकोच. दोन-चारशे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक डब्यात ठेवला तर अंदाजावर राहावं लागत नाही. आकडा चाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहावं.

कागद, पट्टी आणि पुडी

वनस्पतिशास्त्राच्या संग्रहांत फूल साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर लावतात. घरी एवढा मोठा कागद ठेवायला जागा नसते, ए-फोर पुरतो. कागद आम्लमुक्त मिळाला तर उत्तम. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात विचारावं. निदान पांढराशुभ्र, जाड, बिनचकाकीचा असावा.

फूल कागदावर सगळं चिकटवू नये. ही चूक फार जण करतात. कागद आणि फूल हवेप्रमाणे वेगवेगळ्या प्रमाणात आखडतात, त्यामुळे पूर्ण चिकटवलेली पाकळी फाटते. शिवाय मागची बाजू कायमची झाकली जाते. देठावरून कागदाच्या बारीक पट्ट्या आडव्या नेऊन फक्त पट्टीची टोकं चिकटवावीत. चिकटवायला पांढरा डिंक थोडासा. सेलोटेप अजिबात नको: काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून फुलात उतरतो आणि टेप सुटून येते ती फुलाचा तुकडा घेऊनच. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी असलेले चिकट पानांचे अल्बम याच कारणानं बाद. ज्यांच्याकडे त्यात फुलं आहेत त्यांनी ती ओढून काढू नयेत. प्लॅस्टिकचा पापुद्रा हळू उचलून आधी फोटो घ्यावा आणि पानच्या पान कापून डब्यात ठेवावं.

लॅमिनेशनचाही मोह होतो. त्यात उष्णतेनं रंग करपतो, उरलीसुरली ओल आत कोंडली जाते आणि एकदा केलं की परत उलगडता येत नाही. शाळेच्या तक्त्यासाठी ठीक, आठवण जपण्यासाठी नव्हे.

गळालेल्या पाकळ्या, बिया, परागकोश यांच्यासाठी मला पुडीइतकं सोयीचं काही सापडलेलं नाही. वाण्याच्या हाताची, चारी बाजूंनी आत मुडपलेली कागदी पुडी त्याच कागदाच्या कोपऱ्यात चिकटवायची. मोठमोठ्या वनस्पतिसंग्रहांतसुद्धा हेच करतात. तुटलेला तुकडा फेकायचा नसतो. पुढं ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

प्रत्येक कागदावर बटर पेपरचा एक ताव टाकून मग वरचा कागद ठेवावा. डबा आडवाच ठेवायचा, उभा नाही. उभ्या फाइलमध्ये सगळे तुकडे खाली सरकतात. आणि एका डब्यात चार-पाच इंचांपेक्षा उंच थप्पी नको.

चिठ्ठी

माझ्या मते सगळ्यात जास्त मोल या चिठ्ठीचं आहे आणि सगळ्यात जास्त हयगयही हिचीच होते. फूल हातात असतं तेव्हा वाटतं, हे कुठलं ते मी कसं विसरेन? दहा वर्षांनी वहीतून तीन तपकिरी पाकळ्या पडतात आणि त्या आईच्या परडीतल्या की शेजारच्या लग्नातल्या, कुणालाच सांगता येत नाही. चिठ्ठी नसलेलं फूल हा नुसता पालापाचोळा. चिठ्ठी असेल तर अर्धं तुटलेलं फूलही काही सांगू शकतं.

त्यावर पाच गोष्टी हव्यात: नाव, ठिकाण, तारीख, कुणी उचललं आणि ताजं असताना रंग-वास कसा होता. शेवटची बाब विशेष महत्त्वाची, कारण रंग आणि वास हेच आधी जातात. उदाहरणार्थ: ‘पारिजातक. टेंभी नाका, इमारतीमागच्या अंगणात पडलेली, आईनं उचललेली. 14 सप्टेंबर 2024. पाकळ्या पांढऱ्या, देठ गडद केशरी, वास मंद. पहाटे पाऊस.’ सणाचं फूल असेल तर तिथीही लिहावी. इंग्रजी तारीख दरवर्षी पुढं-मागं होते, पण घटाची तिसरी माळ म्हटलं की घरातल्या सगळ्यांना कळतं.

ठिकाण ‘ठाणे’ एवढंच लिहून भागत नाही. नाका, रस्ता, आवार लिहावं. नावाचंही तसंच. नुसतं ‘चाफा’ लिहिलं तर सोनचाफा, पांढरा चाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा की भुईचाफा? ही सगळी वेगवेगळी झाडं, त्यांतली काही तर एकमेकांच्या कुळातलीही नाहीत. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकली जातात. दोन्ही पानं शेजारी-शेजारी एका कागदावर लावून ठेवली तर घरातल्या मुलांना फरक आयुष्यभर कळेल: आपट्याचं लहान आणि चिवट, कांचनाचं मोठं आणि पातळ. त्यासाठी प्रत्येकी एकच पान पुरतं, फांदी लागत नाही.

लिहायला पेन्सिल घ्यावी. बॉलपेनची शाई ओलीत फुटते आणि उन्हात उडते. शिसपेन्सिलीला दोन्हींचं काही वाटत नाही.

सुटे कागद, पक्का क्रमांक

संग्रह बांधीव वहीत करावा की सुट्या कागदांवर? याचं उत्तर अठराव्या शतकातच मिळालं आहे. त्याआधी, सोळाव्या शतकात इटलीतल्या पिसा इथं लुका घिनी यानं वाळलेल्या वनस्पती कागदावर लावून जपण्याची पद्धत रुजवली, तेव्हा असे संग्रह ग्रंथासारखे बांधले जात. स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं मात्र आपले कागद सुटे ठेवले आणि त्यांच्यासाठी खणांचं कपाट वापरलं. नवीन वनस्पती आली की योग्य जागी सरकवता येई, वर्गीकरण बदललं की कागद हलवता येई. त्याचा संग्रह 1784मध्ये त्याच्या कुटुंबाकडून जेम्स एडवर्ड स्मिथ यानं विकत घेतला आणि तो आज लंडनच्या लिनिअन सोसायटीत अभ्यासला जातो. याउलट अमेरिकेची कवयित्री एमिली डिकिन्सन हिनं किशोरवयात चारशेहून अधिक फुलं एका बांधीव वहीत सुबक लावली. हार्वर्डमध्ये असलेली ती वही आता इतकी नाजूक झाली आहे की पान उलटणंही धोक्याचं, म्हणून तिची छायाचित्रंच पाहायला मिळतात. तिची वही अतिशय देखणी आहे. तरी घरच्या संग्रहासाठी मी लिनिअसचाच मार्ग सांगेन.

सुटे कागद म्हटले की गोंधळाची भीती येते, आणि ती एका नोंदवहीनं जाते. पहिल्या फुलाला 1, दुसऱ्याला 2 असा क्रमांक द्यायचा. तो कागदावर, पुडीवर आणि नोंदवहीत एकच. हा क्रमांक कधीही बदलायचा नाही, मग कागद कुठल्याही डब्यात जावो. नोंदवहीच्या शेवटी अकारविल्हे यादी ठेवली की ‘गोकर्ण: 7, 31’ असं चटकन सापडतं. मोबाइलमध्ये काढलेल्या फोटोलाही तोच क्रमांक द्यावा. फूल गेलं तरी नोंद राहते.

डब्यांतली मांडणी कशी करावी? वनस्पतिशास्त्राच्या संग्रहात कुळाप्रमाणे लावतात. रंगाप्रमाणे मांडणी सुंदर दिसते, पण रंग बदलतात आणि क्रम मोडतो. घरासाठी मला महिन्याची मांडणी सर्वांत समजूतदार वाटते. चैत्र-वैशाखाच्या डब्यात बहावा, ताम्हण, गुलमोहर. श्रावण-भाद्रपदात मंगळागौरीची पत्री, गौरीचा तेरडा. आश्विनात नऊ माळांचे नऊ कागद. काही वर्षांनी तेच डबे उघडून पाहिलं तर ताम्हण यंदा लवकर फुलला की उशिरा, हेही कळू लागतं. घरच्या आठवणींचा डबा यातून वेगळा ठेवावा: लग्न, बारसं, कुणाच्या जाण्याच्या दिवसाची फुलं. ती महिन्याशी नव्हे, माणसांशी जोडलेली असतात.

कीड लागली तर

मसाल्याच्या डब्यात कधीमधी दिसतो तो बारीक तपकिरी भुंगेरा फुलांवरही तितकाच खूश असतो. कागदावर पिठासारखा भुगा आणि टाचणीएवढी भोकं दिसली की तो आला समजावं. रुपेरी कसर कागद आणि डिंक कुरतडते. ओल फार झाली की टिंबाएवढ्या फिकट पुस्तकी उवाही दिसतात.

औषधांपेक्षा थंडी बरी. कागद बटर पेपरमध्ये गुंडाळून, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करावेत आणि फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांना दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. उघडली तर हवेतली वाफ गार फुलावर दव होऊन बसते आणि सगळं काम वाया जातं. नवीन फुलं डब्यात जाण्याआधीच एकदा असं करून घेतलं तर पुढचा बराच त्रास वाचतो.

डांबराच्या गोळ्या टाकायची सवय सोडावी. त्यांतलं नॅप्थलीन श्वासातून शरीरात जातं, तान्ह्या मुलांना त्याचा अपाय होतो आणि कीड त्यानं नीट मरतही नाही. कडुनिंबाचा पाला अर्धवट वाळलेला असेल तर स्वतःच ओल घेऊन येतो.

कपाटातली जागा

माळा नको, स्लॅबची उष्णता आणि गळती दोन्ही तिथंच असतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात ओल धरतं. आतल्या भिंतीच्या कपाटाचा मधला खण सगळ्यात सुरक्षित. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराची भिंतही टाळावी.

पावसाळा सरला की आपण गाद्या आणि डाळी-तांदूळ उन्हात घालतो. फुलांना ऊन दाखवायचं नाही, रंग उडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या एखाद्या कोरड्या दुपारी पंखा बंद करून सावलीत डबे उघडावेत, एकेक कागद पाहावा, बटर पेपर बदलावा, सिलिका जेल ताजं करावं. भिंतीवर चौकटीत लावलेलं फूल पश्चिमेच्या उन्हापासून दूर हवं, आणि ते काही वर्षांत फिकटणार हे मान्य करूनच लावावं. त्याची जोडी डब्यात असू द्यावी.

जुने संग्रह आणि ओळख

घरात कुणी वनस्पतिशास्त्र शिकलेलं असेल तर त्यांचे कॉलेजातले जुने हर्बेरियमचे कागद कपाटात सापडतात. ते हाताळताना सावध राहा. पूर्वी कीड लागू नये म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत, आणि तो पारा आजही कागदावर असू शकतो. हातमोजे घालावेत, हात धुवावेत, ते कागद मुलांना देऊ नयेत आणि घरच्या डब्यात मिसळू नयेत.

नाव ठरत नसेल तर ठाण्यात चेंदणी बंदर रोडवर बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आहे; तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारता येतं. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जमवलेले पश्चिम भारतातले लाखाहून अधिक नमुने तिथं आहेत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा संग्रह आहे. या सर्व कामामागे थिओडोर कूक यांचा 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ आहे, आणि तो अशाच वाळवून, चिठ्ठी लावून जपलेल्या फुलांवर उभा आहे. विचारायला जाताना फूल, पान आणि जमलं तर फळ असलेला एकच कागद न्यावा. नुसत्या पाकळीवरून कुणालाही नाव सांगता येत नाही. सोबत ताज्या फुलाचा फोटो आणि चिठ्ठी असली की काम निम्म्यानं हलकं होतं.